तांदळाचा दाणा आणि सत्तेचाळीस ओळी

अक्षता वाहायच्या असतात, फेकायच्या नसतात, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी त्या फेकून मोकळी झाले होते, आणि त्यातला एक दाणा जिथे जाऊ नये तिथे गेला होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात, सीताबर्डीच्या मागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. विणकरांसाठी काम करणारी छोटीशी संस्था. तीन टेबलं, दोन कपाटं, एक टाइपरायटर, आणि काचेच्या पार्टिशनमागे कॉम्प्युटर. त्याच्यासाठी खास कूलर बसवला होता. उन्हाळ्यात साहेबांसकट सगळ्यांना कॉम्प्युटरविषयी शंका येत, आणि त्या विचारायला सगळे नेमके कूलरसमोर येऊन उभे राहत. डेटा एंट्रीला मी एकटी होते.

आमच्या माणसांनी उमरेड आणि कुहीकडच्या गावांत घरोघरी फिरून विणकरांचे फॉर्म भरून आणले होते. ते मी मशीनमध्ये उतरवत होते. नाव, गाव, घरातली माणसं, माग किती. सात महिने रोज तेच. दिवाळीच्या आधी ही यादी सरकारी खात्याकडे जायची होती आणि तिच्यावरून ओळखपत्रं निघायची होती. ज्याचं नाव यादीत नाही त्याला कार्ड नाही, आणि कार्ड नाही तर स्वस्तातलं सूत नाही. एकदा संधी हुकली की वर्षभर थांबा.

श्रावणात उमरेडहून एक म्हातारी विणकर बाई एसटीने आल्या होत्या. पिशवीत डबा, पायात चप्पल नाही. "माह्यं नाव आलं काय वं बाई त्या पेटीत?" असं त्यांनी थेट मलाच विचारलं. मी शोधून पडद्यावर दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्यांचं बोट धरून काचेवर नेमक्या ओळीवर ठेवलं. त्यांनी ते तिथेच बराच वेळ ठेवलं, मग पदराने काच पुसली आणि डबा खायला जिन्यात जाऊन बसल्या.

ऑफिसात खरं राज्य बडेबाबूंचं, म्हणजे हेडक्लार्कचं. आम्ही सगळे त्यांना बाबूजी म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, कपाळावर रोज टिळा, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. कॉम्प्युटरवर त्यांचा एवढा विश्वास बसला होता की मलाच भीती वाटे. दसऱ्याच्या आधी ऑफिसची सफाई निघाली तेव्हा त्यांनी सगळे भरलेले फॉर्म रद्दीवाल्याला देऊन टाकले. "आता सब मशीनमंधी आहे ना पोरी? मंग हे कागदं काहून सांभाळून राहिलो आपण? झुरळं पाळाले?" मलाही तेव्हा ते पटलं होतं, हे इथे कबूल करून टाकते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, ऑफिसात हत्यारांची पूजा. बाबूजी ताट घेऊन फिरत होते. टाइपरायटरला झेंडूचा हार, कपाटाला कुंकवाचं स्वस्तिक, स्टेपलरलासुद्धा फूल. मग ते पार्टिशनच्या आत आले, साहेब आणि बाकीचे मागे. कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता बाबूजींनी माझ्या तळहातावर ठेवल्या. "तुह्या मशीनले तूच वाह्य."

आता आमच्या घरचं सांगायला हवं. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली इथल्याच मैदानावर धम्मदीक्षा घेतलेली. माझा जन्म त्यानंतरचा. आमच्याकडे वंदना होते, मेणबत्ती लागते, पण पूजा नाही. देवाची नाही आणि यंत्राचीही नाही. वडील एका कापड मिलमध्ये साचे, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचे. बाकी कामगार नवमीला साच्यांना हळदकुंकू वाहत, वडील त्या दिवशी आपले साचे उघडून, तेल देऊन, फडक्याने लख्ख पुसून ठेवत. त्यावरून मिलमध्ये त्यांची थट्टा व्हायची आणि ते हसून पुसत राहायचे.

मला हे सगळं माहीत होतं. पण सात-आठ जणांचे डोळे माझ्यावर होते, नोकरीला वर्ष व्हायचं होतं, आणि 'नाही' म्हणायला माझं तोंड उघडेना. बरं, वाहायचं कसं तेही ठाऊक नाही. अक्षता मी फक्त मैत्रिणींच्या लग्नांत पाहिलेल्या, त्याही मागच्या रांगेतून. तिथे सगळे फेकतात, म्हणून मीही दोन पावलं मागे सरकून, नेम धरून फेकल्या. बाबूजी नारळाकडे वळले होते, त्यांनी पाहिलं नाही. फ्लॉपी घालायच्या फटीचा खटका मी पुसताना उघडा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. पांढरी साडी नेसून मी वडिलांबरोबर दीक्षाभूमीवर गेले. दरवर्षी त्या गर्दीत मला फार मोकळं वाटतं. त्या वर्षी वडिलांच्या शेजारी उभी राहिले आणि तळहाताला अजून कुंकू लागलंय की काय असं वाटून तो पदराला पुसत राहिले. मला स्वतःची लाज वाटत होती.

ऑफिस उघडलं त्या सकाळी मी यादीची नक्कल करायला बसले. नक्कल म्हणजे काय, तर अख्ख्या ऑफिसात आमची एकच कामाची फ्लॉपी. जुलैत तिच्यावर थोडी नावं उतरवून ठेवली होती, आता पूर्ण यादी उतरवायची होती. ती आत घातली, खटका लावला, आणि आतून जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला. बाहेर काढली तर तिच्यावर गोल रेघ उठलेली. जुनी नक्कल गेली आणि नवी होईना.

मेकॅनिक आला. त्याने झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काहीतरी उचललं आणि माझ्यापुढे धरलं. लालसर, तुटका तांदूळ. "मॅडम, ये क्या, मशीन को खाना खिलाते हो क्या?" असं म्हणून तो हसला आणि त्याने फुंकर मारून दाणा उडवून दिला. पार्टिशनच्या आत आम्ही दोघंच होतो. बाहेर येऊन त्याने साहेबांना एवढंच सांगितलं, की ड्राइव्ह गेला, नवा मुंबईहून येईल, महिना लागेल, आणि मशीन तिकडे पाठवलं तर आतल्या मजकुराची हमी नाही.

यादी मशीनच्या पोटात शाबूत होती. रोज सकाळी पडद्यावर दिसत होती. अकराशे बासष्ट नावं, आणि त्यांना बाहेर काढायला दार नाही. पडद्यावर बघून टाइपरायटरवर उतरवावी, तर यादी कॉम्प्युटरवर छापलेलीच हवी असा वरून हुकूम होता, आणि आमच्याकडे छापायचं यंत्रही नव्हतं. फ्लॉपी नेऊन दुसरीकडे छापून आणायचा बेत होता. दिवाळीला अठरा दिवस होते.

बाबूजींचं तोंड पार उतरलं. ते रद्दीवाल्याकडे धावले. रद्दी आठवड्यापूर्वीच पुढे गेलेली. मग तीन दिवस ते दुपारच्या सुट्टीत बर्डीवरच्या फुटाणेवाल्यांकडे हिंडले, आणि पुड्या उलगडून उलगडून त्यांनी आमचे अकरा फॉर्म परत आणले. एकावर तिखटमीठ होतं. "माह्याच डोक्यात माती भरली होती," ते म्हणायचे. "बाराशे घरचं सूत म्या फुटाण्यात घातलं." मी खाली मान घालून बसायचे. ते सगळा दोष स्वतःवर घेत होते आणि अर्धा दोष माझ्याकडे होता.

घरी सांगायचं धाडस चौथ्या दिवशी झालं. सकाळी वडील अंगणात सायकलच्या साखळीला तेल देत होते. मी सगळं सांगितलं. फेकल्या तेसुद्धा. ते तेल देत राहिले.

"हात जोडले होते काय?"

"नाही."

"मनातून केलं?"

"नाही बाबा. सगळे पाहून राहिले होते म्हणून केलं."

"मंग तू मशीनले नाही वाहिलं. लोकायच्या डोळ्याईले वाहिलं." पॅडल गरकन फिरवून त्यांनी साखळी पाहिली. "अन् तो बिचारा बाबू सोताले खाऊन राहिला. त्याले सांगतलं काय?"

"नाही."

"सांग. आधी यादी बाहेर काढ, मंग सांग. नाहीतर आधी सांग. पण सांग."

यादी बाहेर काढायचा रस्ता दाखवला तो एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या सरांनी. संध्याकाळचा कॉम्प्युटरचा कोर्स मी त्यांच्याकडे केला होता. मी जाऊन रडगाणं गायले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढचं दार मोडलं. मागचं आहे ना?" मशीनच्या पाठीमागे पिनांचं एक तोंड होतं, ज्याची मला कधी गरजच पडली नव्हती. दोन मशीनच्या पाठी तारेने जोडायच्या आणि एकातून दुसऱ्यात फाइल पाठवायची. त्यासाठी एक छोटासा प्रोग्राम लागतो, तो त्यांच्याकडे होता.

"पण सर, तो माझ्या मशीनमध्ये घालू कसा? फ्लॉपी तर चालत नाही."

"हाताने घाल. सत्तेचाळीस ओळी आहेत." आणि त्यांनी आखीव कागदावर, सुवाच्य अक्षरात, त्या ओळी उतरवून दिल्या. मी घाबरत घाबरत किंमत विचारली. सर हसले. "मला कुणीतरी असाच उतरवून दिला, त्याला आणखी कुणी. मी त्यातलं थोडं सुधारलं. पैसे नाहीत. पुढे कुणी मागितलं तर तू उतरवून द्यायचा, एवढंच."

प्रोग्राम सरळ होता. ट्रकमधून विटा उतरवताना माणसं हातोहात देतात ना, तसा. इकडचं मशीन फाइलमधली एक ओळ पाठवणार आणि तिच्यात किती अक्षरं आहेत तेही सांगणार. तिकडचं मशीन मोजणार. आकडा जुळला तर 'पुढची दे', नाही जुळला तर 'तीच परत दे'. कुठे घाई नाही, कुठे गडबड नाही. मला तो वाचताक्षणी आवडला. साधं काम साधेपणाने केलेलं मला अजूनही फार आवडतं.

ऑफिसात मी टाइप करायला बसले आणि कागद बाबूजींनी हातात घेतला. इंग्रजी अक्षर न् अक्षर, कंस, स्वल्पविराम, सगळं ते पोथी वाचावी तसं ठणठणीत आवाजात वाचत गेले. अर्थ त्यांना कळत नव्हता, पण एक टिंब चुकू दिलं नाही. दोनदा वाचून झाल्यावर म्हणाले, "आता तिसऱ्यांदा. माह्या हातून आता काही जाऊ द्यायचं नाही."

तार बर्डीवरच्या एका रेडिओवाल्याकडून करून घेतली. सरांनी बजावलं होतं की दोन तारा उलटसुलट जोडायच्या, कारण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं. रेडिओवाला ऐकेना. लाल तार लालच्या जागीच जाणार, त्याच्या दुकानात उलटं काम होत नाही, म्हणे. मी दुकानासमोर फतकल मारून बसले तेव्हा त्याने जोडली. फक्त प्लगवरचं झाकण आणि घट्ट बसवायचे स्क्रू त्याच्याकडे नव्हते. उघडाच प्लग घेऊन आले.

कॉलेजचं मशीन बाहेर हलवता येत नव्हतं, म्हणून आमचंच तिकडे निघालं. सायकलरिक्षात बाबूजी बसले, मांडीवर उशी, उशीवर बायकोची दुलई आणि दुलईत कॉम्प्युटर. मी कीबोर्ड घेऊन शेजारी. प्रत्येक खड्ड्याला ते रिक्षावाल्याला ओरडायचे, "धीरे गा भाऊ, धीरे! पोरगी सासरी नेऊन राहिलो समज!" पडदा सरांकडे जास्तीचा होता, तोच वापरायचा होता.

लॅबमध्ये दोन्ही मशीनं पाठीला पाठ लावून ठेवली. तार जोडली, सत्तेचाळीस ओळींना 'चल' म्हटलं, आणि सरांच्या पडद्यावर आकडा आला. एक. मग दोन. मग तीन. गावोगावच्या माणसांची नावं एका पेटीतून दुसऱ्या पेटीत चालत जाताना पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अठ्ठावीसला आकडा थांबला. 'तीच परत दे. तीच परत दे.' झाकणाशिवायचा प्लग सैल होऊन लोंबत होता.

बाबूजी उठले, टेबलाच्या मागे वाकले आणि त्यांनी अंगठ्याने प्लग दाबून धरला. एकोणतीस. तीस.

"असंच धरून ठेवता येईल?" सरांनी विचारलं.

"किती वेळ?"

"पाऊण तास तरी. मघाशी थोडक्यात निभावलं; जास्त वेळ सुटला तर पुन्हा पहिल्यापासून."

"म्या पाऊण तास शीर्षासन करतो, हे काय आहे?" बाबूजी म्हणाले आणि त्यांनी स्टूल ओढून घेतलं. सर तासाला वर्गावर गेले. खोलीत आम्ही दोघं उरलो, आणि चढत जाणारा आकडा.

दोनशेच्या पुढे गेल्यावर बाबूजी परत सुरू झाले. आपण कसे मूर्ख, फॉर्म कसे दिले, नवमीची पूजा एवढी मनोभावे केली तरी असं काहून झालं, आपल्याच हातून काही चुकलं असेल. मला ऐकवेना.

"बाबूजी, प्लग सोडू नका. मले तुम्हाले एक सांगायचं आहे."

मी सांगितलं. अक्षता, फेकणं, उघडा खटका, मेकॅनिकच्या स्क्रूड्रायव्हरवरचा लाल दाणा. त्यांना उठून जाता येत नव्हतं, हात आपटता येत नव्हता, आणि मी तीच वेळ गाठली होती हे मला बोलतानाच कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला. अंगठा मात्र हलला नाही. आकडा तीनशे दहावरून तीनशे चाळीसवर गेला तोवर ते माझ्याकडे बघत राहिले.

"फेकतेत काय वं बाप्पा अक्षता मशीनवर?"

"मले काय माहीत? मी लग्नातच पाहिल्या."

"घरी नाही करत तुम्ही?"

"नाही. आमच्यात नाही करत. बाबा मिलमध्ये त्या दिवशी साचे पुसतात, तेल देतात. तेवढंच."

"मंग तू काहून केलं?"

"तुम्ही हातात दिल्या."

तीनशे नव्वद. चारशे. खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. माझं आडनाव त्यांनी रोज हजेरीपटावर लिहिलं होतं, माझ्या डब्यातली भाजी खाल्ली होती, माझ्या वडिलांची तब्येत विचारली होती. ही एक गोष्ट विचारायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते आता त्यांच्या मनात येत होतं, आणि ते मला समोर बसून दिसत होतं.

"म्या विचारलं असतं, करतेस काय म्हणून, तर?"

"नाही म्हटलं असतं. घाबरत म्हटलं असतं, पण म्हटलं असतं."

बाबूजींनी अंगठा तसाच ठेवून दुसऱ्या हाताने कपाळाचा घाम पुसला. टिळा फिसकटला.

"मंग ते तांदूळ माह्येच झाले," ते म्हणाले. "फेकले तू. पण होते माह्ये."

सातशेच्या सुमाराला त्यांचा अंगठा दमला, तेव्हा मी त्यावर माझा अंगठा ठेवून दाबला. अकराशे बासष्टला आकडा थांबला आणि खाली 'संपलं' अशा अर्थाचा एक शब्द उमटला. मी धावत सरांच्या मशीनवर गेले आणि आधी उमरेडच्या त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव शोधलं. ते होतं. मागही होते, दोन. बाबूजींच्या अंगठ्यावर पिनांचे दोन रांगांत ठिपके उमटले होते. ते दुसऱ्या दिवशीही दिसत होते, आणि बाबूजी ते सगळ्यांना दाखवत होते.

सरांच्या मशीनवरून फ्लॉपीवर उतरवून, छापून घेतलेली यादी वेळेत गेली. अक्षतांचं बाबूजींनी साहेबांना कधीच सांगितलं नाही. मीच सांगितलं, आणि साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी फट बंद ठेवा. सत्तेचाळीस ओळी मी पुढे किती जणांना उतरवून दिल्या, त्याची मोजदाद ठेवली नाही. हाताला त्या पाठ झाल्या होत्या.

पुढच्या वर्षीची खांडेनवमी आली. बाबूजी ताट घेऊन निघाले. टाइपरायटर झाला, कपाटं झाली, स्टेपलर झालं. मग ते पार्टिशनच्या आत आले, मागे सगळे. या वेळी नाही म्हणायचं मी ठरवून आले होते, घरी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. पण बाबूजींनी ताट डाव्या हाताने पाठीमागे धरलं आणि उजव्या हाताने खिशातून काहीतरी काढून माझ्यापुढे केलं. नवंकोरं, धुऊन घडी केलेलं पिवळं फडकं होतं.

"तुह्या बाबाच्या पद्धतीनं," ते म्हणाले.

मी पडदा पुसला, कीबोर्ड पुसला, पाठीमागचं ते पिनांचं तोंडही पुसलं. सावकाश पुसलं. माझं होईपर्यंत बाबूजी तसेच उभे होते, ताट मागे धरून.